पेशी वाढायल्यात

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर काढल्या की बहुतेक मरतात. क्वचित एखाद्या रुग्णाच्या पेशी बाटलीत तग धरतात आणि मग वर्षानुवर्षं वाढत राहतात. त्यांच्यावर नवी औषधं तपासता येतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत अशा पेशी जगवायला मी जिवाचं रान करत होते. अखेर एका नऊ वर्षांच्या मुलीच्या जगल्या. मुलगी माझ्याच गावाकडची, परभणीतल्या झरीच्या बाजूची.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेढे मागवले. आणि मी शहाणीनं, आपल्या मुलखाचा माणूस म्हणून, तिच्या बापाला फोन केला. "दादा, पोरीच्या पेशी लय जोमात वाढायल्यात बगा."

"देव पावला, ताई," तो म्हणाला. मला वाटलं, संशोधनाचं कौतुक करतोय. आग लागो माझ्या अकलेला! डेंग्यूत पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात, वाढल्या की पेशंट घरी जातो, हे परभणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मुलगी पुढच्या इंजेक्शनाला आलीच नाही. मी फोन लावला तर बाप म्हणतो, "आता कशाला? तुमीच म्हणलाव की, पेशी वाढायल्यात. आमी तिला घेऊन ऊसतोडीला आलोत."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कम्युनिकेशन गॅप. होतं असं." होतं कसलं? पेशी घ्यायला संमतीच्या इंग्रजी कागदावर त्याचा अंगठा घेताना चार वाक्यं मराठीत सांगायला कुणाची जीभ झडली होती? माझीच. मी तिथंच उभी होते. त्या दिवशी मला साहेबांचा आला नसेल इतका माझाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या पुढे उसाच्या फडात त्याला गाठलं. वाढल्या त्या चांगल्या पेशी नव्हेत, रोगाच्याच आहेत, हे उभ्या उभ्या सांगितलं. तो कोयता हातात धरून ऐकत राहिला.

"म्हंजी जे पोरीला खायलंय, त्येलाच तुमी तिकडं खाऊ घालायलाव?"

"हो."

"हिला काय फायदा त्येचा?"

"हिला नाही, दादा. पुढं दुसऱ्या पोरांना होईल."

त्यानं कोयता फेकला आणि खोपीत शिरला. पोरगी गोधडीत कण्हत होती.

"दुसऱ्याच्या पोरांचं ऱ्हाऊ द्या," तो ओरडला. "हिला उचला आदी!"