फुवाजींचा भोंगा

आमच्या फुवाजींइतका खरं बोलणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्यांच्या या गुणाचा त्रास झाला नाही असा माणूस आमच्या धाड गावात तरी नव्हता. फुवाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास ते जिल्ह्याच्या संघातून फुटबॉल खेळत, तेही अनवाणी. गुडघा गेला तेव्हा त्यांनी खेळ सोडला, मैदान सोडलं नाही. लग्नात गाणी वाजवणाऱ्याचा बॅटरीवरचा भोंगा सामन्यांसाठी आणला जाई. त्याचा माईक एकदा त्यांच्या हाती आला, तो पुढे दुसऱ्या कोणाला मिळालाच नाही.

त्यांच्याबद्दल गावात दोन तट होते. शिंपीकाका म्हणत, असा खेळाडू पुन्हा होणे नाही, पण त्याला बोलू देऊ नका. हॉटेलवाला म्हणे, खेळ बेताचाच होता, बोलतो मात्र झकास. यावरून दोघांची कडाक्याची भांडणं होत आणि सामन्याला दोघंही भोंग्याच्या अगदी खाली जागा धरून बसत. समोरच्या संघाने चांगला पास दिला की फुवाजी मोकळ्या मनाने वाहवा करीत आणि आपल्या पोरांना नाव घेऊन झापत. मी फुलबॅक होतो. माझ्या पळण्याविषयी त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं, "हा आमच्या सासुरवाडीचा. पयते कमी, वाट जास्त पाह्यते." लग्नाच्या पंगतीतही त्यांना राहवत नसे. वाढप्याकडून बुंदी वाढायची एक रांग राहून गेली, की डावी बाजू उघडी पडली म्हणून ते पाटावरूनच जाहीर करीत.

याच खरेपणाने एकदा घात केला. पिंपळगाव राजा या गावाच्या संघाशी एका स्पर्धेचा शेवटचा सामना होता. बरोबरी झालेली, वेळ संपत आलेली, आणि त्यांना पेनल्टी मिळाली. आमच्या गोलात फुवाजींचाच मुलगा, भाऊ. सगळं मैदान चिडीचूप झालं आणि भोंग्यातून संथ आवाज आला, "गोलकी आपलाच पोरगा हाये, पण खरं सांगतो, याले उजवीकडं झेप जमत नाई." पेनल्टी मारणाऱ्याने मान वर करून ते नीट ऐकून घेतलं आणि बॉल भाऊच्या उजवीकडे मारला. गोल झाल्याचंही आधी फुवाजींनीच सांगितलं.

गावाने माईक काढून घेतला. आत्या ताट वाढायची, पण शब्द बोलायची नाही. भाऊ बापाशेजारी जेवायला बसेना. फुवाजींनी मैदानाकडे जाणंच सोडलं. भरल्या घरात तो बोलका माणूस ओट्यावर गप्प बसलेला पाहून मला गलबलून यायचं. त्यानंतरचे सामने गाण्याच्या रेकॉर्डवर पार पडले. खेळ तोच होता, पण लोक जांभया देत होते. शिंपीकाका आणि हॉटेलवाला यांना भांडायला विषय उरला नाही, त्यामुळे दोघंही उदास दिसू लागले.

पुढच्या साली सामन्यांआधी हॉटेलात बैठक भरली. माईक कोणाला द्यायचा यावर बराच खल झाला. भाऊ मागे उभा होता, तो पुढे आला.

"बाबा खोटं बोलले होते काय?" त्याने विचारलं. "मले जमत नव्हतं, हे सगळ्यायले दिसत होतं. सांगतलं त्यायनंच. माईक त्यायलेच द्या, नाई तं गोलमधी दुसरा पाहा."

शिंपीकाकांनी सगळ्यात आधी मान डोलावली.

मी भाऊबरोबर घरी गेलो. त्याने ओट्याखाली उभं राहून माईकचं सांगितलं, आणि उजवीकडची झेप शिकवा म्हणाला. फुवाजींचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "शिकवतो. पण तुहं डावं बी काई लय चांगलं नाई."

वर्षभरात भाऊ पहिल्यांदा हसला. दोघं मैदानावर गेले. भाऊ उजवीकडे झेपावून धुळीत पडत होता, फुवाजी दुखऱ्या गुडघ्याने बॉल मारत होते, आणि भोंगा नसतानाही त्यांचं बोलणं पार बाजारापर्यंत ऐकू येत होतं. आत्या दारात उभी राहून ऐकत होती.

फुवाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं काय चुकतं ते तोंडावर सांगणारं कोणी उरलं नाही, आणि हल्ली मला आपण फार चांगलं खेळायचो असं वाटू लागलं आहे.