दारांवरचे खडूचे नंबर

“सर, खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलंय? बिल्डरने की महापालिकेने?”

माझ्या वर्गातल्या सरिताची आई वर्गाच्या दारात उभी होती. मागे चाळीतली दहा-बारा माणसं. नववीचा भूगोलाचा तास तिथेच संपला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी डोंबिवलीत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. दोन्ही विषय एकत्र शिकवावेत म्हणून आदल्या दिवशी मुलांना शाळेमागच्या चाळीत नेलं होतं. कुठे घर, कुठे दुकान, कुठे नळ, याचा नकाशा करायचा होता. एकच खोली दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मुलांनी दारांवर खडूने नंबर टाकले आणि वहीत नंबरापुढे राहणाऱ्यांची नावं लिहिली. आयडिया माझीच. दारावर नंबर पडला की मागोमाग तोडायला माणसं येतात, हे चाळीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. मला नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळे नंबर ओल्या फडक्याने पुसले गेले.

“अहो, शाळेचा प्रोजेक्ट आहे. काळजी करू नका,” मी म्हणालो.

“मग महापालिकेचा नकाशा दाखवा. त्यात आमची चाळ कुठाय ते बघू दे.”

मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेतलं. “कशाला नसत्या भानगडीत पडता? माफी मागा, विषय संपवा.”

पण मला राग आला होता. इतकी वर्षं शिकवतोय, आणि मी बिल्डरचा माणूस? दुसऱ्या दिवशी सरिताच्या आईंना घेऊन तावातावाने महापालिकेचं ऑफिस गाठलं.

तिथे भिंतीवर विकास आराखड्याचा मसुदा लावला होता. शहरातली कुठली जमीन घरांना, कुठली शाळेला, कुठली बागेला, हे ठरवणारा नकाशा म्हणजे विकास आराखडा. चाळीच्या जागी हिरवा चौकोन होता. मूळ पाहणी झाली तेव्हा तिथे नुसतं गवत असणार.

“हिरवं म्हणजे काय, सर?”

“बागेचं आरक्षण. चाळ उठवून बाग होऊ शकते.”

“म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं!”

नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

हरकत, म्हणजे लेखी आक्षेप, घ्यायला आठवडाच उरला होता. अर्जासोबत कोण कुठल्या खोलीत राहतं याची यादी हवी. ती होती फक्त मुलांच्या वह्यांत, नंबरवार. ज्यांनी नंबर पुसले तेच आता विचारायला लागले, “सर, आमचा तेवीस ना? परत टाका की.” सरिताच्या आईंनी यादी दोनदा वाचली, आमच्याकडून सुटलेली एक खोली शोधून काढली आणि मगच अर्जावर सही केली.

सुनावणी झाली. बाग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सरकली. चाळ वाचली.

मला वाटलं, आता तरी सरिताची आई आभार मानेल.

“सर, त्या दिवशी ‘काळजी करू नका’ म्हणालात. मी ऐकून घरी गेले असते तर?”

रिटायर होईपर्यंत नगररचनेच्या तासाला मी पहिलं वाक्य हेच सांगत आलो: सर म्हणतात म्हणून मानू नका, ऑफिसात जाऊन नकाशा बघा.