बगळ्याचे पाय

बोडिल राउनच्या घरी जेवायला गेलेल्या माणसाला सगळं मिळायचं, फक्त पाठ टेकायला मिळायची नाही. "जरा पुढे सरकून बसा हं, पाठीची फळी जुनी आहे," असं ती हसत हसत सांगायची आणि पाहुणा अर्ध्या बुडावर तोल सांभाळत उकडलेले बटाटे गिळायचा. पेला टेबलाला टेकायच्या आत डाग पडू नये म्हणून त्याच्याखाली बोडिलची चकती पोचलेली असायची. तिचा नवरा ओवे याने हे बरीच वर्षं सोसलं आणि एका रविवारी तो बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला. तिथे त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर सोफ्यावर पाय पसरले. बोडिलला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच आठवड्यात तिला एक सागवानी कपाट सापडलं आणि ओवेच्या जागी ते छान बसलं.

आमच्या स्वेनबोर गावात असलं सामान जमवणारे पुष्कळ आहेत. आमच्या आईबापांनी लग्नानंतर हौसेने घेतलेलं, मग आम्हीच नाकं मुरडून माळ्यावर टाकलेलं सामान आता आम्हीच सोन्यासारखं मिरवतो. कुणाकडे गेलं की बसता बसता एक हात खुर्चीखाली जातो आणि कारागिराचा डागलेला शिक्का चाचपून येतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण बोडिल या सगळ्यांच्या पुढची. औषधांच्या दुकानात कामाला होती तेव्हा कुणाच्या गोळ्या वाढल्या यावरून कुणाचं घर लवकर रिकामं होणार हे ती ओळखायची. निवृत्त झाल्यावर बिचारीला पेपरातल्या निधनवार्तांवर भागवावं लागे.

तिच्याकडे सात बगळे होते. बगळा म्हणजे खुर्ची. मोर्टेन हाल्क नावाच्या इथल्याच सुताराने या खुर्च्या आठ-आठच्या संचात केल्या होत्या. त्यांचे पाय लांब, सडपातळ, खाली निमुळते होत गेलेले, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं. त्या पायांमध्येच सगळी जादू होती. आठही खुर्च्या एकत्र असलेलं घर आता आमच्या बेटावर एकही उरलं नव्हतं. आठवी मिळाली की संग्राहक मंडळाचे लोक येणार, संचाचा फोटो काढणार, वार्षिक अंकात छापणार आणि खाली बोडिलचं नाव येणार. आयुष्यात तिला एवढंच हवं होतं. मी थट्टा करत नाही, खरंच एवढंच.

ती आठवी तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात दिसली. आश्रमात पलंग तेवढा त्यांचा, बाकीची खोली ज्याने त्याने आपल्या घरच्या सामानाने लावायची असते. बोडिल कुणा जुन्या गिऱ्हाइकाला भेटायला गेली होती. एका उघड्या दारातून तिला दिसलं, की खिडकीशी एक म्हातारी विणत बसली आहे आणि तिच्याखाली बगळा आहे.

एकट्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा गप्पा मारायला जाणारे लोक असतात. बोडिलने दुसऱ्याच दिवशी त्यांच्यात नाव घातलं आणि "खिडकीजवळच्या त्या बाईच द्या" म्हणून सांगितलं. त्या बाईचं नाव आस्ता क्रोग. नवरा फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा, तो कधीच गेला होता. आस्ता नव्वदीला आली होती, तिला मूल नव्हतं, आणि आपल्याकडे दर गुरुवारी कुणीतरी येणार याचाच तिला केवढा आनंद झाला. बोडिल येताना दालचिनीचे गोल पाव आणायची, पलंगाच्या कडेवर बसायची आणि आस्ताच्या खोकल्याची चौकशी करायची. त्या चौकशीत आशा असायची.

पहिल्याच महिन्यात तिने चिकटपट्टी आणि पेन नेऊन दिलं.

"आस्ताबाई, सामानाखाली नावं लावून ठेवा. मागून भांडणं नकोत."

आमच्याकडे ही रीतच आहे. कपाट, घड्याळ, खुर्ची, जे ज्याला जायचं त्याचं नाव खाली चिकटवून ठेवतात.

"भांडायला आहे कोण गं?" आस्ता हसली. "एक भाचा होता, तो ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखतोय. आणि काय गं, तू मला पोचवायला निघालीस की काय?"

"भलतंच! तुम्ही शंभरी गाठणार," बोडिल म्हणाली, आणि हे खरं झालं तर काय, या विचाराने तिने हातातला पाव तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या हिवाळ्यात आस्ताला न्यूमोनिया झाला. बोडिलने गाडीत खुर्ची गुंडाळायला गोधडी आणून ठेवली. पण म्हातारी चिवट निघाली. ती उठून बसली आणि तिने सूप मागितलं, तेव्हा बोडिलला खरोखर रडू फुटलं. आस्ताने ते पाहिलं आणि नर्सला म्हणाली, "बघ, पोटची पोर रडणार नाही अशी रडतेय."

त्यानंतर आस्ताने तिला पलंगावर बसू दिलं नाही. गुरुवारी ती स्वतः पलंगावर बसायची आणि बोडिलला बगळ्यावर बसवायची. बोडिल बुटकी. तिच्या टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. बसल्या बसल्या तिची बोटं खालचा शिक्का गोंजारत राहायची, आणि हात खाली का, असं कुणी विचारू नये म्हणून ती एकदा बोलून गेली, "काय सुख आहे हो या खुर्चीत! पाय टेकले असते ना, तर मी उठलेच नसते."

असं बोलून ती विसरलीही. आस्ता विसरली नाही.

बोडिलचा वाढदिवस त्या वर्षी नेमका गुरुवारी आला. ती गेली तर टेबलावर कागदी झेंडे रोवलेले, मलईचा केक मांडलेला, आणि खोलीच्या मध्यावर चादर पांघरलेलं काहीतरी. आस्ता आश्रमाच्या लोखंडी पायांच्या खुर्चीवर, नवा झगा घालून बसली होती. आश्रमाचा दुरुस्तीवाला फ्लेमिंग वाढदिवसाच्या गाण्याच्या दोन ओळी गाऊन रजेवर जायच्या घाईत निघून गेला.

"काढ, काढ चादर! तू पट्टी दिलीस त्याच दिवशी मी तुझं नाव या खुर्चीखाली चिकटवलंय. पण मी मरायची वाट कशाला बघायची? माझ्या डोळ्यांदेखत बस की!"

बोडिलने चादर ओढली.

बगळ्याचे पाय कापलेले होते. चारही, सारखे, चार बोटं. खुर्ची बदकासारखी फतकल मारून बसली होती.

"फ्लेमिंगने केलं," आस्ता म्हणाली. "मागे तू बसलेली असताना बल्ब बदलायला आला होता ना, तेव्हाच त्याने तुझ्या टाचांचं माप डोळ्यांनी घेतलं. बस ना. टेकतात का बघ!"

बोडिल बसली. टाचा अगदी बरोबर टेकल्या.

"टेकल्या!" आस्ताने टाळ्या वाजवल्या.

"तुकडे कुठे आहेत?" बोडिलने विचारलं.

"ते होय? फार कामाला आले. ही आश्रमाची खुर्ची मेली इतकी बसकी, माझे गुडघे उचलतच नाहीत तिच्यातून. फ्लेमिंगने तुकड्यांना भोकं पाडून ते हिच्या पायांखाली बसवले. आता कशी ऐटीत उठते बघ. तुझी खाली आली, माझी वर गेली."

बोडिल क्षणभर त्या लोखंडी खुर्चीच्या पायांकडे पाहत राहिली. एकेका पायाखाली सागवानाचा एकेक ठोकळा होता. भोकं आयतीच होती. आतून खुंट्या घातल्या की पाय पुन्हा जोडता येणार होते.

"आस्ताबाई, जरा उभ्या राहा. खिडकीला धरा."

"का गं? डुगडुगतेय का?"

"बघते."

आस्ता खिडकीला धरून उभी राहिली. मागे बोडिल गुडघ्यांवर बसून आपल्यासाठी खुर्ची घट्ट करते आहे, असं तिला वाटलं, आणि तिने मागे हात नेऊन चाचपडत बोडिलचे केस कुरवाळले. बोडिलने चारही ठोकळे उपसले, पर्समध्ये टाकले आणि तिला हाताला धरून खाली बसवलं.

"अगं, खाली खाली वाटतंय."

"होईल सवय."

"केक?"

"उशीर झालाय," बोडिल म्हणाली. कापल्यामुळे खुर्ची हलकी झाली होती, ती एका हातातच मावली.

"गुरुवारी येशील ना?"

"हो, हो."

घरी येऊन तिने आधी खुर्ची उलटी केली. शिक्क्याशेजारी पिवळी पडलेली पट्टी होती, तिच्यावर थरथरत्या अक्षरात 'बोडिल' लिहिलेलं. तिने ती नखाने सोलली आणि शिक्क्याला डाग राहू नये म्हणून डिंक स्पिरिटने पुसून काढला.

पुढच्या गुरुवारी ती शेजारच्या फोबोर गावी एका सुताराकडे उभी होती. त्याने काम सफाईदार केलं. प्रत्येक पायाला केसाएवढी एक रेघ राहिली, ती तेल चोळल्यावर दिसेनाशी झाली. बोडिलने घरी येऊन मंडळाला पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारचं आमंत्रण दिलं. मधल्या कुठल्याच गुरुवारी ती टेकडी चढली नाही. आता तिकडे तिचं काही नव्हतं.

मग फ्लेमिंगचा फोन आला.

"मी लावलेले ठोकळे कुठे गेले, बोडिल?"

बोडिलने फडक्याने आठव्या खुर्चीचा पाय पुसला.

"मी रजेवर होतो. आश्रमातल्या मुली उठवायच्या आस्ताबाईंना त्या खुर्चीतून. पण वाढदिवसानंतरच्या गुरुवारी तिने दोन कप मांडून घेतले होते. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली, आणि म्हातारी दार उघडायला आपली आपणच उठायला गेली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात तीन आठवडे काढले. काल गेली."

"अरेरे," बोडिल म्हणाली.

"शुक्रवारी पोचवायचंय, नंतर कॉफी. तिचं माणूस म्हणून ती सगळ्यांना तुझंच नाव सांगायची. किती कप मांडू?"

"शुक्रवारी माझ्याकडे मंडळी येणार आहेत."

फ्लेमिंग म्हणाला, "बरं. मग दोन मांडतो. एक माझा, एक पाद्रीबाईंचा."

शुक्रवारी मंडळाचे चौघे आले. आठही बगळे टेबलाभोवती उभे होते, वरचा दिवा खाली ओढलेला होता, आणि बोडिलने निळा झगा घातला होता. फोटोवाल्याने यंत्र लावलं. पण मंडळाचे होल्गर ब्राम्स, वय झालेला, तोंडाचा फटकळ माणूस, रीतीप्रमाणे आधी एकेक खुर्ची उलटी करून पाहू लागले. सात झाल्या. आठवीच्या पायावरून त्यांनी अंगठा फिरवला, थांबले, आणि पुन्हा फिरवला.

"कापलीय," ते म्हणाले. "कुठल्या गाढवाने कापली ही?"

"एका म्हातारीने," बोडिल म्हणाली. "वेडी होती. मी जोडून घेतलीय, अगदी तिचेच तुकडे आहेत."

"तुकडे कुणाचे का असेनात, बाई. कापलेली ती कापलेली. तुमच्याकडे सातच आहेत."

फोटोवाल्याने यंत्र मिटलं. मंडळींनी कॉफी उभ्याउभ्याच प्यायली, एकेकाने चकती शोधून तिच्यावर कप ठेवला आणि हवेबद्दल दोन शब्द बोलून ते निघाले. जाताना ब्राम्सनी आठवी खुर्ची पायाने जरा बाजूला सारली.

दार लागल्यावर बोडिल त्या खुर्चीवर जाऊन बसली. ती पाठ टेकून बसली, जसं तिने कधी कुणाला बसू दिलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. टेकडीवर एव्हाना दोन कप विसळून झाले असतील. तिने पाय सैल सोडले, आणि तिच्या टाचा जमिनीला टेकल्या नाहीत.