वहिनींनी खुर्ची सोडली नाही

मंडळी, आज नाताळच्या सुट्टीत वरवट बकालच्या आमच्या शेतात घरच्यांची भरीत पार्टी झाली आणि तिथे माझ्यावर घोर अन्याय झाला. मला खुर्ची मिळाली नाही.

माझ्या हक्काच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. दरवर्षी त्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजतात, आम्ही पुरुष गरम भरीत चापतो आणि शेवटी उरलेलं गार त्या खातात.

"भाऊजी, या साली वांगे तुम्ही भाजा."

"काऊन? बरं नाही का?"

"मस्त हाय. मले एकदा तरी गरम खायचं हाय."

दादा, माझा मोठा भाऊ, घाबरून म्हणाला, "अवं, जेवाले संध्याकाळ होईन ना!" वहिनी हलल्या नाहीत. मग मीच बाह्या सरसावल्या. पहिलं वांगं जाळातच फुटलं आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसलं.

"टोचलं नव्हतं का?" वहिनींनी बसल्या जागेवरून विचारलं.

"वांग्याले टोचा लागते, हे मले काय माहीत?"

"इतके वर्षं खाल्लं, तवा नाही इचारलं!"

आता मात्र माघार नव्हती. उरलेली सगळी वांगी टोचून, तेल लावून, डोळे चोळत मीच भाजली आणि मिरची, कांद्याची पात घालून ठेचली.

तुमच्याकडे जाळापाशी बसणाऱ्या माणसाला गरम घास कधी मिळतो हो?

पहिल्या ताटासाठी दादानं हात पुढे केला. मी ते वहिनींसमोर ठेवलं. वाफ निघत होती.

"मीठ कमी हाय," म्हणत त्यांनी दुसरा घास घेतला.

मी मीठ आणायला उठलो.