शेवटच्या पानावरचा ठिपका

"पूस," बाई म्हणल्या आणि खोडरबर टेबलावरून माझ्याकडं सरकवलं.

रविवारची सकाळ होती. औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बाईंचं वाचनालय. रविवारी तिथं पुस्तकं बदलायला झुंबड असायची. वकील, प्राध्यापक, बँकेतले, त्यांच्या बायका, त्यांच्या कॉलेजातल्या पोरी. सगळे थांबले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. टेबलावर कादंबऱ्यांची चवड. बहुतेक प्रेमाच्या, बाकीच्या शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींच्या. सगळ्या नव्या, हल्लीच आलेल्या. आणि सगळ्या मी वाचलेल्या. तेच माझं पाप.

डॉक्टरीणबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पोरीनं, सानिकानं, घरी नेलेल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, त्यांना लाल ठिपका दिसला होता. "आधी वाटलं रक्त आहे. मग बाकीची पुस्तकं बघितली तर सगळीकडे तेच. म्हटलं कुणी करणीबिरणी केलीय की काय!" नवरा एवढा मोठा डॉक्टर, आणि घरात करणीचं भ्याव.

"करणी नाही हो," बाई हसल्या. "आमच्या झाडणाऱ्या पोरीचे उद्योग. धनगराची आहे ना. मेंढरं रंगवतात तशी पुस्तकं रंगवलीत."

हशा पिकला. एक म्हातारे गृहस्थ तर खोकला येईपर्यंत हसले.

खरं होतं ते. गेरूच होता. आम्ही देवगाव रंगारीकडचे. बापाची मेंढरं होती. पाणवठ्यावर चार जणांची खांडं मिसळली की आपलं मेंढरू वळखायचं कसं? पाठीवर गेरूचा ठिपका. लाल दिसला की ते आपलं. मग एकामागं एक दुष्काळ पडले. चारा गेला, पाणी गेलं, बापानं मेंढरं विकली आणि आम्ही शहरात आलो. शहरात म्हणजे काय, शहराच्या कडंला. जिथं आमची माणसं आधी मेंढरं चारायची तिथं प्लॉटिंग पडलं होतं. तिथंच एका बिल्डिंगीवर बाप वॉचमन झाला. ऱ्हायला पत्र्याचं शेड. बिल्डिंग उभी राहिली की शेड उचलून पुढच्या बिल्डिंगीवर. बिऱ्हाड हलवायची सवय होतीच, फक्त आता संगं मेंढरं नव्हती.

आई लोकांकडं भांडी घासायची. मी दहावी झाले होते, पण पुढं कोण शिकवतंय? वाचनालयात झाडायचं काम मिळालं. बाई एकट्या चालवायच्या ते. वाईट होत्या असं मी म्हणत नाय. मी झाडता झाडता पुस्तकं उघडून बघते हे त्यांनी बघितलं आणि स्वतःच म्हणल्या, "वाचायचंय का गं? ने की घरी."

मी प्रेमाची कादंबरी नेली. दुसरी नेली ती पण तसलीच. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. कपाटातून दुष्काळावरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. "हे वाच. तुमच्या लोकांचं आहे. त्या प्रेमाबिमाचं काय करणार तू?"

आता काय बोलायचं यावर? दुष्काळ वाचायला कशाला लागतो? टँकर आला की हंडा घेऊन मी त्यातच उभी. बायांच्या शिव्या, झिंज्या धरणं, फुटलेल्या घागरी, सगळं माझं पाठ. मला ते वाचायचं होतं जे माझ्याकडं नव्हतं. एका कादंबरीत पंधरा वर्षांची पोरगी शाळेच्या तलावात पोहायची. एवढं निळं पाणी! आणि घरी आली की तिचा बाप विचारायचा, आज पोहताना कसं वाटलं? आगं माय, बाप पोरीला विचारतो, कसं वाटलं! माझा बाप वाईट नाय, पण त्यानं जन्मात असं कधी विचारलं नाय. ते पान मी परत परत काढायची. दुसऱ्या एकीत पोरगी पोराला तोंडावर सांगते, मला तू नको. मला वाटलं पुढच्या पानावर हिला झोडपतील. पुढच्या पानावर ती चहा करून पिते. बस. कुणी काय म्हणत नाय. मी पुस्तक मिटून रडले. का रडले ते आईला सांगता आलं नाय.

हसू नका. प्रेम म्हणजे मिठ्या मारणं एवढंच नसतं त्या पुस्तकांत. तिथं पोरीला कुणीतरी विचारतं, तुला काय पाहिजे? मला कुणी विचारलं होतं?

तर त्या वाचनालयात एक रीत होती. वाचून झालं की शेवटच्या पानावर आपली बारीक खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक परत नेलं जात नाय. बाई नव्या माणसाला स्वतः सांगायच्या, "खूण करत जा हं, नाहीतर विसरायला होतं." कुणाची फुली, कुणाचं आद्याक्षर, म्हाताऱ्या गृहस्थांचं स्वस्तिक. सानिका पेन्सिलीनं बारकं फूल काढायची. माझ्याच वयाची होती. आम्ही कधी बोललो नाय. पण तिचं फूल दिसलं की मला लई बरं वाटायचं. ही पण इथं रडली असंल, ही पण इथं हसली असंल, असं वाटायचं. फुलाच्या शेजारी मी माझा ठिपका द्यायची. काडीच्या टोकानं, मुगाएवढा पण नाय. पेन्सिल मिळाली नसती असं नाय. पण खूण म्हणजे गेरू, दुसरं काय माझ्या डोक्यातच आलं नाय. आणि वाचते म्हणजे मी पण वाचक, एवढं साधं मला वाटायचं.

मी खोडरबर घेतलं. घासलं. गेरू कुठं रबरानं निघतो? तो पसरला. पान लालेलाल झालं.

"अगं फाडशील ना!" बाई ओरडल्या. "तुमच्या लोकांना कागदाची कदरच नाही."

मी खाली मान घालून दुसरं पुस्तक उघडलं. माझा ठिपका, आणि शेजारी फूल. हात थांबला.

"बाई, हे फूल बी पुसू का?"

"ते राहू दे. ती सानिकाची खूण आहे."

"आन् ही फुली?"

"त्या सगळ्या वाचकांच्या खुणा आहेत. तुझं तेवढं पूस."

"मग मी कोण?"

बाईंना खरंच कळलं नाय मी काय विचारलं ते. त्या सहज म्हणल्या, अगदी पत्ता सांगावा तसं, "तू झाडायला आहेस."

डॉक्टरीणबाईंनी मागून जोडलं, "पायातली वहाण पायातच बरी असते. डोक्यावर घेतली की हे असं होतं."

सानिका दारापाशी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता तिनं. आई, मी पण खूण करते की. एवढंच. तिनं मोबाइल काढला आणि त्यात तोंड घातलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे शाळेत शिकले होते. त्या दिवशी अंगावर आलं. त्याआधी मला कुणी धनगराची म्हणलं की मान खाली जायची. त्या दिवशी गेली नाय.

"नाय पुसत," मी म्हणले.

"काय?"

"नाय पुसत म्हणलं. वाचलंय मी. सगळ्यांच्या खुणा पुसा, मग माझी पुसते."

"मग उद्यापासून यायचं नाही," बाई म्हणल्या. मी पिशवी उचलली तर म्हणल्या, "थांब. पिशवी उघड." सगळ्यांसमोर उघडली. डबा, ओढणी आणि अर्धी वाचलेली कादंबरी. त्यांनीच दिलेली, सगळ्यांना माहीत. तरी बाईंनी ती अशी काढून घेतली की चोरीच पकडली. मी जिना उतरले.

घरी आई बोंबलली. "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करती व्हय गं?"

"पाणी कुठाय आई इथं?" मी म्हणले. तिनं थोबाडीत दिली. मग तीच रडत बसली.

पुढं काय झालं? काय नाय. चांगलं काय झालं असं ऐकायचं असंल तर ते माझ्यापाशी नाय. दुसऱ्या एका वाचनालयात गेले. त्यांनी पत्त्याचा पुरावा मागितला. आमचा पत्ता म्हणजे चालू असलेली बिल्डिंग. मग कंपनीत खोकी भरायच्या कामाला लागले. घरी स्थळं येतात. मला कोण पाहिजे, कुणी विचारत नाय. शहर वाढतच चाललंय, आमचं शेड आणखी लांब गेलंय. तिथं पाण्याचे वांधे, पुस्तकाचं नावच नको. वाचायची सवय सुटत चाललीय. आधी ओळी आठवायच्या. आता त्या पोरींची नावं पण आठवत नायत.

एकदा कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. स्कूटी थांबली. तोंडाला बांधलेला स्कार्फ खाली केला, तर सानिका.

"सॉरी," ती म्हणली. "त्या दिवशी मला बोलताच आलं नाही. तुझी ती कादंबरी अर्धी राहिली ना? मी माझ्या नावावर घेऊन देते तुला. फक्त आईला कळता कामा नये. गुपचूप देईन."

खोटं कशाला बोलू? जीव तुटला. त्या कादंबरीत पोरगी घरातून निघाली होती आणि स्टेशनावर बसली होती. ती गेली का परत आली, मला अजून माहीत नाय. माझ्या तोंडात 'दे' आलं होतं.

"गुपचूप नको," मी म्हणले. "रविवारी वाचनालयात तुझ्या आईसमोर माझ्या हातात दे. मी येते."

तिनं स्कार्फ वर केला. "तसं नाही गं जमणार," म्हणली आणि गेली.

ती पोरगी अजून स्टेशनावरच बसलीय. बसू दे. मी पण उभी आहे. पण तोंड लपवून, दुसऱ्याच्या नावावर मी एक पान वाचणार नाय. माझ्या नावावर मिळालं तर वाचीन. नाय मिळालं तर नाय वाचणार. पण कुणाला सॉरी म्हणणार नाय.