मुकादमाची मिशी

समोरच्या मावशी खिडकीत उभ्या राहून चेटूक करतात, अशी बातमी आमच्या गल्लीत पसरली होती. ओठ हलतात, आवाज नाही, आणि पलीकडच्या माडीवरून त्यांची भावजय मान डोलावते!

चेटूक कसलं डोंबलाचं. दोघी गिरणीत मागावर. तिथे शेकडो माग एकदम खडखडतात, कानाशी बोंबललं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. तीच सवय घरी आली. मावशींचा नवरा तर रडकुंडीला यायचा. "अहो, ही भांडतेसुद्धा आवाज न करता! मला कशाबद्दल बोलणी बसली तेच कळत नाही."

मावशींचं लहानपण वडिलांच्या हातमागाशेजारी गेलं. दोन ठोक्यांच्या मधे माणसाला चार शब्द बोलता यायचे. मग गिरणी आली, वडिलांचा माग चुलीत गेला आणि मावशी भोंग्यावर उठू लागल्या. तेव्हापासून नवं काही दिसलं की यांचे डोळे बारीक. गल्लीत नळ आला तेव्हा बाकीच्या बाया हंडे घेऊन धावल्या, मावशींनी आधी तोटीचा वास घेतला. गिरणीत विजेचे दिवे लागले तेव्हा म्हणाल्या, "अंधार पडला की घरी सोडायचे. आता काय पडल्यावर सोडणार?"

यंदा बातमी आली नव्या मागांची. धागा तुटला की आपोआप थांबणारे. चौघींचं काम एकटी बघेल म्हणे. उरलेल्या तिघींचं काय, ते कोणी बोलेना. मावशींना घोर लागला. दम्याने नवरा घरी बसलेला, चूल पेटायची ती यांच्या एकटीच्या पगारावर.

नेमकी त्याच सुमाराला मुकादमाने मिशी वाढवली. साधीसुधी नव्हे, दोन्ही ओठ झाकणारी, दाराच्या पडद्यासारखी. गल्ली म्हणाली, गडी दुसरं लग्न करतोय. मी तर नवरीसुद्धा ठरवून टाकली होती. मावशी मात्र भावजयीला म्हणाल्या, "साहेबाच्या काचेच्या खोलीत हा काय बोलतो, ते आपण मागावरून वाचायचो ना? कुणीतरी सांगितलंय याला."

"काहीतरीच तुमचं, वन्सं! माणसाने मिशीसुद्धा ठेवू नये का?"

"ठेवावी की. पण मिशी आल्यापासून हा आपल्याकडे तोंड करून बोलतो. त्याआधी मधे चार दिवस पाठ करून बोलायचा."

भावजयीने हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. घरी जाऊन आरशात स्वतःची मिशी मात्र एकदा बघून घेतली.

नवे माग बसले त्या दिवशी मुकादमाने सगळी गिरणी थांबवली आणि जुन्या बायकांना गोळा केलं. कडेला कमी पगारावर आणलेल्या नव्या पोरी उभ्या होत्या.

"या पोरींना तुटलेला धागा जोडायला शिकवा. तुमच्यातल्या एकीचीही जागा जाणार नाही. माझा शब्द आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोघीतिघी पुढेही सरकल्या. मावशी हाताची घडी घालून जागच्या जागी. इतक्या शांततेत त्यांचा आवाज गिरणीने बहुधा पहिल्यांदाच ऐकला.

"ऐकू आलं, मुकादम. पण दिसलं नाही. मिशी उतरवून या, आणि हेच परत म्हणा."