मावशींच्या घोट्यावरचा बँड

बाळंतिणींच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक छोटी खोली आहे. आत गुळगुळीत कडांचं एक खोल बेसिन, गरम पाण्याचा नळ, फडताळात घड्या घालून ठेवलेले टॉवेल आणि दाराशेजारी एक खुंटी. त्या खुंटीला रोज सकाळी एक कापडी पिशवी लटकते. पिशवीत एक अंगठी आणि एक रुमाल, बाकी काही नाही. पिशवी दिसली की मजल्यावर सगळ्यांना कळतं, मावशी आल्या.

मावशी म्हणजे नव्या बाळांना आंघोळ घालणाऱ्या आया. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलंय. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतःची बाळं घेऊन त्याच खोलीत येतात. "मला पण तुम्हीच घातली होती ना आंघोळ?" असं त्यांनी विचारलं की मावशी सांगतात, "हो, आणि भोकाड याच्यापेक्षा मोठं होतं." खरंखोटं देव जाणे, पण आई हसते आणि बाळ मुकाट्याने मावशींच्या हातात देते.

त्या खोलीचा नियम एकच. कोपराखाली हात उघडे. अंगठी नको, घड्याळ नको, दोरासुद्धा नको. दोन दिवसांच्या जिवाची कातडी दुधावरच्या सायीसारखी असते, बारीकशी कड लागली तरी ओरखडा उठतो. बाळाची आधी टाच पाण्याला लावायची. टाच ओली झाली की ते दचकतं, दहाही बोटं पसरतं आणि मग एकदम निवळतं. मग पाय, पोट, पाठ. डोकं सगळ्यात शेवटी. डाव्या तळव्यात डोकं घेतल्यावर बोटं टाळूपाशी जातात. तिथे हाड नसतं. मऊ कातडीखाली काहीतरी उडत असतं, टुकटुक, टुकटुक. तिथे आल्यावर मावशींची बडबड बंद होते. मनातल्या मनात त्या देवाचं नाव घेतात आणि मगच डोक्यावर पाणी सोडतात.

अशा मावशी एके दिवशी दुपारी घरी भाजी निवडून स्टुलावरून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला फ्रिजचं दार लागलं म्हणून सावरल्या. सून तिथेच होती. तिने पाणी दिलं, पंखा लावला, आणि पाचदहा मिनिटांत सगळं होतं तसं झालं. पण मावशी आपल्या ओल्या हातांकडे बघत बसल्या. आपण पडलो असतो तर काय, हे त्यांच्या मनातही आलं नाही. या हातांत आत्ता बाळ असतं तर, एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या सिस्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, मला थोडे दिवस चादरी मोजायला घाला."

"का? बेसिनशी भांडण झालं?"

मावशींनी सगळं सांगितलं. सिस्टर जिभेच्या तिखट, पण ऐकल्याबरोबर दंडाला धरून त्यांना खालच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. पट्टीवर काही वावगं दिसलं नाही. "आत्ता तुमचं हृदय नीट चाललंय," त्या म्हणाल्या. "पण ते मध्येच अडखळतं का, हे इथे दोन मिनिटं आडवं पडून कळायचं नाही. दिवसभर अंगाला लावायचं यंत्र आपल्याकडे एकच आहे, त्याला रांग आहे. आणि त्याच्या तारा पाण्यात चालत नाहीत, म्हणजे तुमच्या कामाच्या वेळी काढावंच लागणार. तोवर हल्ली मनगटावर बांधायचं मिळतं, तसलं काही घ्या. त्यावर मी निदान करणार नाही, पण कुठे बघायचं ते कळेल."

"कुठलं घेऊ?"

"जे दिवसभर अंगावर राहील ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हे उलगडेपर्यंत बाळ एकटीने हातात घ्यायचं नाही. सिस्टर शेजारी उभ्या राहतील."

हे शेवटचं वाक्य मावशींना फार लागलं. त्यांनी मान डोलावली आणि कठडा धरून जिना चढल्या. अडखळतं असं ठरलं की बेसिन सुटलं, हे त्यांना कुणी फोड करून सांगायला नको होतं.

घरी संध्याकाळी मुलगा आणि सून यांची जुंपली. मुलाचं म्हणणं, घ्यायचंच तर स्मार्टवॉच घ्यावं. "आई पडली तर ते आपणहून मला फोन लावतं. बोट टेकवलं की हृदयाची रेघ काढून दाखवतं. फोन घ्या, मेसेज वाचा, सगळं मनगटावर."

"आणि रोज रात्री चार्जिंगला लावा," सून म्हणाली. तिच्या स्वतःच्या हातात रबरी फिटनेस बँड होता, करंगळीएवढा रुंद. "आई मोबाईल चार्जिंगला लावायचं विसरतात, ते घड्याळ लावणार आहेत होय? माझा बघा, आठवडा आठवडा बघावं लागत नाही."

"तुझा नुसती पावलं मोजतो."

"ठोकेही मोजतो. परवा तुमच्याशी भांडताना किती वाढले होते ते दाखवू का?"

मावशी हसल्या, पण त्यांचं लक्ष भांडणात नव्हतं. आपलं हृदय कुठल्या घड्याळाला आवडेल, असा काहीतरी वेडा विचार त्या करत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात गेली. काचेच्या कपाटांत उजेडच उजेड होता. दुकानातल्या मुलीने काळं, चौकोनी स्मार्टवॉच मावशींच्या मनगटावर बांधलं. खालून बारीक हिरवा उजेड कातडीत शिरला. "आता दुसऱ्या हाताचं बोट इथे टेकवा, आणि बोलू नका हं," ती म्हणाली.

काचेवर एक रेघ निघाली. चालत चालत आली, टुणकन वर उडाली, खाली आली, पुन्हा चालू लागली. पुन्हा उडाली.

"हे काय आहे?" बोलू नका म्हटलेलं विसरून मावशींनी विचारलं.

"तुमचं हृदय, काकू."

मावशी वाकल्या. चष्मा वर केला, परत खाली घेतला. एवढी बाळं हातून गेली, एवढ्या टाळू बोटांखाली उडाल्या. पण आपल्याही आत कुणीतरी तसंच टुकटुक करत बसलंय, आपण झोपलो तरी, भांडलो तरी, त्याला कधी साधं विचारलंसुद्धा नाही तरी, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याला कुणी चावी दिली, कधी दिली? आपल्या आईच्या पोटात, काळोखात, तेव्हापासून ते एकदाही थांबलेलं नाही. दुकानात गर्दी होती, गाणं वाजत होतं. मावशींनी बोट तसंच ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं.

"आवडलं ना?" मुलगा खुशीत येऊन म्हणाला. "बांधून द्या हो हेच."

"थांब," मावशी म्हणाल्या. "ही कड बघ. हे घालून बाळ कसं घ्यायचं?"

"कामाच्या वेळी काढून ठेवायचं," दुकानातली मुलगी म्हणाली.

"आणि तो बँड?"

"तोही मनगटावरच. तोही काढायचा."

मावशींनी घड्याळ उतरवून अलगद काचेवर ठेवलं. "मग जिथे बघायला हवंय तिथेच हे बघणार नाही. मी घरी पडेन नाहीतर रस्त्यात पडेन, मला उचलायला माणसं आहेत. बेसिनपाशी माझ्या हातात काय असतं?"

तिघं हात हलवत परत आली. मुलगा फुरंगटला होता. एवढा वेळ घालवून रिकामं कुणी येतं का, असं तो बसमध्ये दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा सून खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर शेजारी उभ्या आणि मावशी बेसिनपाशी. आदल्या दिवशी जन्मलेली एक मुलगी हातात होती, केसांनी भरलेली, कपाळाला आठ्या घातलेली. मावशींनी तिची टाच पाण्याला लावायला पाऊल बोटांत धरलं आणि तिथेच थांबल्या.

सिस्टर घाबरल्या. "काय होतंय? मावशी, द्या इकडे तिला."

"मला काही होत नाही. हे बघा."

बाळाच्या घोट्याला तो मऊ टॅग होता, आईचं नाव आणि नंबर लिहिलेला. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाला तो बांधतात. मावशींनी असे हजारो टॅग ओले केले असतील. हात खेळायला मोकळे राहावेत, काही टोचू नये, आणि हरवूही नये म्हणून तो हाताला न बांधता पायाला बांधतात.

"सिस्टर, नियम कोपराखालचा आहे ना? गुडघ्याखालचा नाही?"

सिस्टरना उमगायला जरा वेळ लागला. मग त्या अशा हसल्या की बाळाच्याही आठ्या गेल्या. "बांधा, बांधा. पण नंबर घालून बांधा, नाहीतर संध्याकाळी तुम्हालाच कुणाच्या तरी पाळण्यात ठेवतील."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सुनेने आपला बँड काढला आणि जमिनीवर बसून सासूच्या घोट्याला बांधून पाहिला. शेवटच्या भोकात बसला. हिरवा उजेड लागला. क्षणभराने ठोके दिसायला लागले.

"घोट्यावरही हृदय असतं," सून म्हणाली. तिने ते गमतीत म्हटलं, पण दोघी जरा वेळ तशाच त्या उजेडाकडे बघत राहिल्या.

मुलाने शेवटचा प्रयत्न केला. "अगं, स्मार्टवॉचही बसेल की मोठा पट्टा लावून."

"आणि फोन आला की पाय कानाला लावू?" मावशी म्हणाल्या. तिथे तो वाद मिटला. एक साधा काळा बँड आणला, आणि मावशींनी त्यावर मोजा चढवला.

पुढे दोन आठवडे तो पायात राहिला. मावशी बाळं न्हाऊ घालत होत्या, सिस्टर शेजारी उभ्या राहून बाहेर साठलेल्या कामांच्या नावाने खडे फोडत होत्या. दिवसभराचे ठोके सुनेच्या फोनवर चढत-उतरत जमत होते. मावशींनी ते बघायला नकार दिला. "माझं मला बघितलं की मी मुद्दाम नीट वागेन," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी डॉक्टरबाईंनी सुनेचा फोन हातात घेतला. सिस्टरही येऊन बसल्या होत्या. एकेक दिवस सरकवता सरकवता डॉक्टरबाई थबकल्या. "सकाळी हे काय होतं? एकदम वर, मग खाली. पुन्हा वर. रोज त्याच सुमाराला."

सिस्टरनी मान पुढे केली. "ती आंघोळीची वेळ आहे."

मावशींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. झालं तर मग. जिथे नको तिथेच. त्यांनी मनातल्या मनात खुंटीवरची पिशवी उतरवलीसुद्धा.

"मावशी, प्रत्येक बाळाच्या वेळी एकदा असं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही नेमकं काय करता तेव्हा?"

"काही नाही. उचलते."

"जड वाटतं? दम लागतो?"

"छे हो. मूठभर तर जीव असतो."

डॉक्टरबाईंनी फोन खाली ठेवला. "अडखळणारं हृदय असं वागत नाही, मावशी. हे शहाण्यासारखं चढतंय आणि शहाण्यासारखं उतरतंय. हे दचकतंय. पहिल्यांदा बाळ हातात घेणाऱ्या आईचं जसं होतं तसं."

"पहिल्यांदा?" सिस्टर म्हणाल्या. "यांना? या तर गप्पा मारत मारत उचलतात."

"तोंड गप्पा मारतं. हृदय नाही मारत."

 मावशी आपल्या मोज्याकडे बघत होत्या. आपला हात बसलाय, आता आपल्याला काही वाटत नाही, असं त्यांनी नव्या मुलींना किती वेळा सांगितलं होतं. सवयीने सगळं होतं गं, भ्यायचं नाही. आणि हे आतलं मात्र दर बाळाला उठून उभं राहत होतं. कुणाला न सांगता, त्यांनासुद्धा न सांगता, इतकी वर्षं.

डॉक्टरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मावशींना आडवं करून रक्तदाब मोजला, उभं करून लगेच पुन्हा मोजला, आणि तिथे सापडलं. उठल्याबरोबर दाब धाडकन खाली येत होता. मावशींना आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी जास्त होत होती आणि त्या ती उपाशीपोटी घेत होत्या. गोळी बदलली. तारांच्या यंत्राचीही पाळी आली, मावशींनी ते सुट्टीच्या दिवशी लावलं, आणि त्यातही हृदयाचं पाऊल कुठे चुकलेलं दिसलं नाही. नव्या गोळीवर उठता-बसताना दाब जागच्या जागी राहतोय, हे दोनदा पाहून मगच डॉक्टरबाईंनी मावशींचे हात मोकळे केले. "बसलेल्या उठाल तेव्हा सावकाश उठा. बेसिनपाशी तुम्ही उभ्याच असता. घ्या बाळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खुंटीला लटकली. पाळण्यात एक मुलगा होता, कालच आलेला, मुठी आवळलेला. सिस्टर सवयीने खोलीत आल्या, बेसिनपाशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग "मला काय दुसरी कामं नाहीत?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मावशी एकट्या राहिल्या. आता बँडची गरज नव्हती, तरी तो मोज्याखाली होता. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पाळण्यावर वाकल्या आणि या खेपेला बडबड न करता वाट पाहिली. हात बाळाच्या मानेखाली सरकवला. आणि तेव्हा, ऐकायचं ठरवून ऐकलं म्हणून, त्यांना ते आत कळलं. एकदम वर, आणि मग हळूहळू खाली.

त्यांनी बाळाला उचललं. घोट्यावरचा टॅग नीट आहे का ते पाहिलं.

"माझाही आहे," त्या त्याला म्हणाल्या, आणि त्याची टाच पाण्याला लावली.